माझ्या मयताला आलेली अडतीस माणसं

सांडोर, वसई
२४ नोव्हेंबर

ख्रिस्तात प्रिय बाय,

धाकट्या एडवर्डचा नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्यांचं सांग. मागच्या पत्रात तू मदर सुपीरियरच्या संधिवातावर दीड पान लिहिलंस आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल 'देवाची कृपा' एवढंच, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो. धुळ्याच्या थंडीत (तिथे या दिवसांत पारा किती उतरतो हे चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला सांगू नकोस) पहाटेच्या मिस्सेला गुडघे टेकून बसू नकोस, खुर्ची घे. देव खुर्चीवाल्यांची वेगळी यादी करत नाही. मी इकडे उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते, केळीला यंदा घड बरे आलेत. एकटं वगैरे मुळीच वाटत नाही, हे तू विचारायच्या आत सांगून टाकतो, कारण तू प्रत्येक पत्रात तेच विचारतेस आणि मला तेच उत्तर दर वेळी नव्या शब्दांत लिहावं लागतं.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी मी वारलो असं तुला कुणी कळवलं असेल तर ती बातमी चुकीची होती. आणि कुणीच कळवलं नसेल तर मला थोडं वाईट वाटेल, कारण अख्ख्या गावाला कळावं आणि सख्ख्या बहिणीला कुणी एक फोन करू नये हे काही बरं नाही. झालं ते असं झालं की त्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि हे मी म्हणत नाही, तसा पाच पानी अहवालच डब्लिनहून आला आहे. पण मुळापासून सांगतो, नाहीतर तू मधलीच पानं वाचून प्रार्थनेला बसशील.

माझा शेल्डन तिकडे डब्लिनला नेमकं काय करतो, हे तू दर नाताळात विचारतेस आणि मी 'कम्प्युटरमध्ये आहे' म्हणून सुटका करून घेतो. आता मला ते समजलं आहे. जगातल्या दुकानदारांनी आणि बँकांनी आपापले कम्प्युटर घरात ठेवणं सोडलंय. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या गोदामात ते भाड्याने घेतात आणि त्याला क्लाउड म्हणतात. (मी मुलांना ढगांचे दहा प्रकार पाठ करून घेतले. त्यात हा नव्हता.) आता आपली वस्तू दुसऱ्याच्या गोदामात म्हटल्यावर तिच्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं. तो कुणीतरी म्हणजे आपला शेल्डन. त्याच्यासमोर एक मोठा पडदा असतो, डॅशबोर्ड म्हणतात त्याला, आणि त्यावर एकेका कम्प्युटरचा एकेक चौकोन. ठीक चाललं असेल तर हिरवा, कुरकुर सुरू झाली की पिवळा, बंद पडला की लाल. लाल झाला की त्याच्या फोनवर इशारा वाजतो आणि तो जेवणावरून उठून पळतो. हिरव्याकडे तो बघत नाही. बघायचंच नसतं म्हणे, हजारो चौकोन, माणूस कुठे कुठे बघणार. हे सगळं त्याने मला फार उत्साहाने समजावलं होतं, आणि मीही मान डोलावली होती.

त्याची आई, माझी ॲनी, गेली तेव्हा तो आठ दिवस राहिला, आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेला आला तेव्हा हेच सगळं आपल्या घराला लावून गेला. फ्रिजला एक यंत्र, पाण्याच्या टाकीत एक, मागच्या बावखलावरच्या पंपाला एक (तुला आठवतं ना, त्याच तळ्यात तू मला पोहायला शिकवताना बुडवलं होतंस), न्हाणीच्या दाराला, पुढच्या दाराला, माझ्या पलंगाखाली. हे सगळे हेर हॉलमधल्या एका पांढऱ्या डबीला बातमी देतात आणि ती डबी मिनिटामिनिटाला डब्लिनला कळवते. शेल्डनच्या पडद्यावर आपल्या घराचा चौकोन आहे, नाव 'सांडोर-१'. सांडोर-२ कुठे आहे असं विचारलं, तर म्हणाला, पुढे वाढवायचं झालं तर. शिवाय एक नोंदवही आपोआप लिहिली जाते. एडवर्ड सहा वाजून दोन मिनिटांनी उठला, एडवर्डने सात दहाला फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तीस दिवसांपेक्षा जुनं सगळं आपोआप पुसलं जातं. म्हणजे सप्टेंबरातला माझा पत्ता आता तिथे लागत नाही.

आता यात एक गोष्ट शेल्डनच्या लक्षात आली नाही, आणि माझ्याही उशिराच आली. पूर्वी तो दर रविवारी फोन करायचा. पप्पा, पाणी आलं का, झोप लागली का, फिरायला जाता का, फ्रिज नीट चालतोय का. पंधरा मिनिटं याच्यावर जायची आणि मग पुढचं बोलणं निघायचं. यंत्रं बसल्यावर या सगळ्याची उत्तरं त्याला बसल्या जागी मिळायला लागली, आणि विचारायला काही उरलंच नाही की माणूस फोन करून बोलणार तरी काय. आधी फोन पंधरवड्याने यायला लागला, मग महिन्याने. मी त्याला दोष देत नाही. हिरव्या चौकोनाकडे बघायचं नसतं.

मग एकदा फ्रिजचं दार माझ्याकडून चुकून उघडं राहिलं. अक्षरशः बारा मिनिटांत फोन. पप्पा, फ्रिज तापतोय, तुम्ही ठीक आहात ना. आम्ही चाळीस मिनिटं बोललो, तिथला पाऊस, त्याची घरमालकीण, त्याने स्वतः केलेली मटणाची फसलेली आमटी, सगळं. पुढच्या आठवड्यात ते दार पुन्हा चुकून उघडं राहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात टाकी चुकून भरून वाहिली. (वय झालं की होतं असं.) पण शेल्डन धंद्यात मुरलेला. जो इशारा उगाच वारंवार वाजतो त्याला ते लोक गोंगाट म्हणतात आणि त्याचा आवाज बंद करून टाकतात. तसा त्याने फ्रिजचा केला, टाकीचाही केला. त्यामुळे जुलैपासून आपला फ्रिज दिवसभर सताड उघडा राहिला तरी डब्लिनला काही वाटत नाही. दुधाला वाटतं.

ऑक्टोबरात त्याचा मेसेज आला की नाताळाला यायला जमणार नाही. नाताळात तिकडच्या दुकानांवर सगळ्यांत जास्त गर्दी, म्हणून त्याला पहाऱ्यावर राहायचंय. ॲनीची तिसऱ्या वर्षाची मिस्सा बावीस डिसेंबरला आहे, हे त्याला माहीत आहे; त्याने ते स्वतःहून लिहिलं आणि 'सॉरी पप्पा' असंही लिहिलं. मी 'काही हरकत नाही, काम आधी' असं उत्तर दिलं आणि वर एक अंगठा पाठवला. तो अंगठा पाठवायला मला किती वेळ लागला हे नोंदवहीत येत नाही, एवढं बरं आहे.

आता मंगळवार. आधी एक व्यवस्था समजून घे. ती पांढरी डबीच बंद पडली, तर इशारा आधी शेल्डनला आणि मला येतो. मी पंधरा मिनिटांत फोनवरचं बटण दाबून 'आहे' म्हणायचं. नाही दाबलं तर इशारा केनीला जातो, म्हणजे आपल्या चुलतभावाचा मुलगा, जो एव्हरशाईनला सातव्या मजल्यावर राहतो. त्यानेही पंधरा मिनिटांत काही केलं नाही, तर रुडॉल्फला. रुडॉल्फ शेल्डनच्या वर्गातला, आता चर्चची घंटा आणि मेणबत्त्या त्याच्याकडे असतात. मी मालूचं नाव घालायला सांगितलं होतं. मालू म्हणजे पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी, रोज अकराला हाक मारते, घरात पाऊल टाकणारं रोजचं माणूस तेवढंच. पण तिचा फोन बटणांचा निघाला, त्यामुळे ती नापास झाली.

त्या दिवशी साडेतीनच्या सुमारास शेजारचं मांजर (पांढरं, डाव्या कानावर काळा ठिपका, अत्यंत आगाऊ) खिडकीतून आत आलं, टेबलावर चढलं, टेबलावरून कपाटावर गेलं आणि उतरताना त्याचा मागचा पाय लागून डबीची पिन बोर्डातून निघाली. मी तेव्हा मागे केळीत होतो. माझा फोन तांदळाच्या डब्यात होता, कारण तो आदल्या दिवशी ओला झाला होता आणि तांदळात ठेवला की सुकतो असं सगळे म्हणतात. चौकोन लाल झाला. केनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन उलटा ठेवलेला. अर्ध्या तासाने इशारा रुडॉल्फकडे गेला, आणि तो वाचून व्हायच्या आत त्याला डब्लिनहून फोन आला.

इथे नीट लक्ष दे. आपल्या गावात कुणी गेलं की घरचा माणूस पहिली खबर घंटेवाल्याला देतो, मग तो घंटा वाजवतो, मग बाकीच्यांना कळतं. ही रीत तुझ्यासमोरची आहे. आता घंटेवाल्याला सख्ख्या मुलाचा फोन येतो, मुलगा रडवेला, 'रुडी, पप्पा' एवढंच बोलतो आणि पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. रुडॉल्फने काय समजायचं? त्याने शेल्डनला धीर धर म्हटलं, आम्ही आहोत इथे, तू काळजी करू नकोस, सगळं नीट करू म्हटलं. शेल्डनने हे ऐकलं आणि तो धरून चालला की रुडॉल्फने मला पाहिलंय आणि सगळं संपलंय. अशा रीतीने दोघांनी एकमेकांना माझ्या मृत्यूची बातमी दिली, दोघांनाही ती समोरच्याकडून कळली, आणि दोघेही मनापासून रडले. मग रुडॉल्फ धावत जाऊन दोराला लोंबकळला.

मयताची घंटा मी केळीत ऐकली. टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि त्या मृतात्म्यासाठी उभ्या उभ्या 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. फ्रान्सिसची आई असणार असं वाटलं, नव्वदी ओलांडलेली, आठवडाभर अंथरुणाला खिळलेली. पंपावर हातपाय धुतले, दोरीवरचा पांढरा शर्ट घातला, ॲनीच्या कुंडीतली चार शेवंतीची फुलं तोडली आणि मागच्या पायवाटेने रस्त्याला लागलो. पुढे बरीच माणसं चालली होती, मी शेवटच्याला गाठलं. तो नव्या बिल्डिंगमधला गृहस्थ होता, दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेला. त्याला कोण गेलं विचारलं. तो म्हणाला, "कोणीतरी एडवर्ड सर होते. एकटेच राहायचे बिचारे. मुलगा फॉरेनला आहे, येतो का नाही काय माहीत." मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, "आता येऊन काय उपयोग, काका?" आम्ही दोघं तसेच चालत राहिलो.

तुला वाटेल, मी तिथेच का थांबलो नाही. गावात तीन एडवर्ड आहेत आणि त्यातला एक क्लास घेतो, त्यालाही हल्ली सर म्हणतात. तोच गेला असेल अशी मी माझी समजूत करून घेतली. पण गर्दी आपल्या फाटकाशी वळली. पुढच्या दाराला आतून कडी आणि वर कुलूप, रुडॉल्फ खिडकीच्या गजांत हात घालून दार उघडायची खटपट करत होता आणि दोन-तीन जण पहार आणायच्या गोष्टी करत होते. दार शिसवी आहे, बाबांनी केलेलं. मी मागून म्हटलं, बाजूला व्हा, मागच्या दाराची चावी माझ्याकडे आहे. सगळ्यांनी वाट करून दिली. मी चार पावलं चाललो तेव्हा कुठे एका बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती होती तिथेच खाली बसली. रुडॉल्फचा हात गजात अडकला तो अडकलाच, पुढे तेल लावून काढावा लागला.

अडतीस माणसं होती. मी हजेरी घेतली, जन्माची सवय आहे. आता आलेली माणसं लगेच परत कशी जाणार? मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पाव, चहाचं पातेलं, उकडलेली अंडी घेऊन आल्या होत्याच, ते सगळं माझ्यासमोरच वाटलं गेलं. फादर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खात्री केली आणि जमलोच आहोत तर रोजरी म्हणू म्हणाले. एरवी एका खुर्चीवर चालणारं घर, त्या दिवशी माळ्यावरचे बाकसुद्धा उतरवले. जुने विद्यार्थी माझ्या माराच्या आठवणी सांगत होते, आधी जरा हळू, मग मी जिवंत आहे याची सवय झाल्यावर मोठ्याने. सहा वाजता मालू पाटी घेऊन धापा टाकत आली. "सर, कोन बोल्ला तुमी गेलाव म्हनून? सकाली तं माज्याशी बोंबलाच्या भावावरून भांडत होताव." मग तिने डोळे पुसले आणि उरलेले बोंबील तसेच ओट्यावर ठेवून गेली. आठला सगळे गेले. मी बाक परत माळ्यावर टाकले नाहीत, अजून खालीच आहेत.

केनी टाय सैल करत आला तेव्हा पाच वाजले होते. त्याने स्वतःच्या फोनवरून शेल्डनला लावलं आणि मला समोर धरलं. बाय, ॲनीच्या दफनानंतर मी त्याला रडताना प्रथम पाहिलं. त्याच्या मागे पलंगावर उघडी बॅग होती, त्यात काळा सूट. तिकीट काढून झालं होतं, गुरुवारी पहाटे तो घरात आला असता. आम्ही दोघं हसलो, रडलो, मध्येच केनीचा हात दुखला म्हणून फोन पावाच्या टोपलीला टेकवला. खूप वर्षांनी तो मला फोनवर हूं हूं न करता बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला: सगळं ठीक आहे, म्हणून तिकीट रद्द केलं, कंपनीनेही समजून घेतलं. बरोबरच आहे. मी मेलो असतो तर तो गुरुवारी येणार होता. जिवंत आहे म्हणून नाताळालाही येत नाही. हे मी रागाने लिहीत नाही, भूगोलाच्या मास्तराला अंतरं कळतात, पण हे अंतर काही केल्या माझ्या डोक्यात बसत नाही.

शुक्रवारी अहवाल आला. त्यांच्या धंद्यात काही बंद पडलं की नंतर अशी चौकशी करतात आणि तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. स्वतःचं वाचणारा मी गावातला पहिलाच. मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. मूळ कारण: मांजर. दोष: कुणाचाही नाही (अशा अहवालात कुणाला दोष देत नाहीत, तसा नियम आहे, शाळेत हा नियम असता तर मी काय केलं असतं देव जाणे). शेवटी सात उपाय. डबीला बॅटरी, दुसरी राखीव डबी, बोर्डाला झाकण, खिडकीला जाळी, केनीचा फोन उलटा असला तरी वाजेल अशी सोय, रुडॉल्फने घंटेआधी घरी जाऊन बघायचं, आणि माझ्या मनगटाला एक पट्टा. मी सातही दोनदा वाचले. त्यात स्वतः येण्याचा उपाय नव्हता. शनिवारी माणूस येऊन सगळं बसवून गेला आणि आता सांडोर-१ कधीही लाल होणार नाही अशी शेल्डनने खात्री दिली आहे. त्यानंतर त्याचा फोन नाही.

तर असं आहे. तू काळजी करू नकोस, मी ठणठणीत आहे, यंत्राने लेखी दिलंय. मदर सुपीरियरना माझा नमस्कार सांग, आणि तुमच्या तिथल्या छोट्या सिस्टर्सना माझ्या मयताची गोष्ट जेवताना सांग, हसतील.

तुझा,
एडवर्ड

ता. क. गुडघ्यांसाठी तेलाची बाटली पार्सलने वेगळी पाठवतो आहे. मदरना वाटून टाकू नकोस.

आणखी ता. क. मांजर निर्दोष आहे. ते त्या दिवशी आलंच नव्हतं. पिन मी काढली. फोन ओला नव्हता, तांदळात मीच पुरला, कारण हातात असता तर पहिल्या घंटीला उचलला असता आणि दोन मिनिटांत आटपलं असतं. शेल्डन किती वेळा फोन करतो एवढंच मला बघायचं होतं. सतरा वेळा केला. त्या सतरा खुणा फोनवर अजून आहेत, मी पुसलेल्या नाहीत. चर्चची घंटा वाजेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं, आणि शेल्डनला त्या दीड तासात काय झालं असेल हे आठवलं की मला माझी लाज वाटते. फादरांकडे पापनिवेदनाला जायचा धीर नाही, म्हणून तुला सांगितलं.

शेवटचं. सोबत शेल्डनचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं रिकामं पाकीट आहे. माझं तो ऐकायचा नाही, त्याच्याकडे माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तुझं लहानपणापासून ऐकतो. त्याला चार ओळी लिही, बावीस तारखेच्या बऱ्याच आधी पोचतील अशा. खोटं लिहायला सांगत नाही, तू व्रतस्थ आहेस. हे पत्र फक्त पहिल्यापासून पुन्हा एकदा वाच, आणि एडवर्ड बरा आहे की नाही, तुला जे वाटेल तेच त्याला कळव.